जुन्या मैत्रिणींची परदेशातील किनाऱ्यावर भेट: मॉरिशसचा अनुभव आणि खर्चाच्या वाटणीचा प्रश्न

सुरंगी
सांगलीला अभियांत्रिकी शिकत असताना वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर राहिलेल्या आम्ही पाचजणी पदवीनंतर पांगलो त्या पांगलोच. एक दुबईत, एक पर्थला, एक जोहान्सबर्गला, एक पॅरिसजवळच्या गावात आणि मी साताऱ्यात. भेटी अगदीच होत नव्हत्या असे नाही. परंतु परदेशातून आलेल्या मैत्रिणीचे भारतातले दिवस सासर, माहेर, बँकेची रखडलेली कामे आणि दंतवैद्य यांनी आधीच वाटून घेतलेले असतात, आणि मैत्रिणींच्या वाट्याला येतो तो एखाद्या लग्नातला जेवणाच्या पंगतीपुरता अर्धा तास. म्हणून भेटायचे तर जिथे कोणाचेच नातेवाईक नाहीत अशा ठिकाणी, असे ठरले आणि गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही मॉरिशसला भेटलो.

मॉरिशस निवडण्यामागे निळ्याशार पाण्याची छायाचित्रे नव्हती, विमानांचे वेळापत्रक होते. मुंबई, दुबई, जोहान्सबर्ग, पॅरिस आणि पर्थ या पाचही ठिकाणांहून तिथे थेट विमान जाते. शिवाय भारतीय पासपोर्ट असलेल्यांना पर्यटनाचा व्हिसा विमानतळावर उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा जवळ असला म्हणजे झाले. आमच्यापैकी तिघींचे पासपोर्ट अजून भारतीयच असल्यामुळे ही बाब लहान नव्हती.

राहण्यासाठी आम्ही पश्चिम किनाऱ्यावरचे फ्लिक-आं-फ्लाक हे गाव घेतले. ऑगस्ट हा तिथला हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्याला झोडपत असतात. पश्चिमेला बेटावरच्या डोंगरांचा आडोसा मिळतो आणि सूर्यास्त समोर समुद्रात दिसतो. सगळा खर्च एकदाच भरून टाकायच्या मोठ्या रिसॉर्टऐवजी आम्ही स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेतली. या निर्णयावर महिनाभर वाद झाला होता. त्यामागचे खरे कारण आता मोकळेपणाने लिहिते: मी एका विनाअनुदानित तंत्रनिकेतनात शिकवते आणि माझा पगार या चौघींच्या पगाराशी तुलना करण्याजोगा नाही.

खर्चासाठी आम्ही चक्क भिशी लावली होती. दरमहा प्रत्येकीने सारखी रक्कम बाजूला टाकायची, ती जोहान्सबर्गच्या मैत्रिणीने सांभाळायची आणि मुक्काम, जेवण, गाडी, होडी हे सगळे त्यातून करायचे. तिकीट मात्र ज्याचे त्याने काढायचे. ही जोहान्सबर्गची मैत्रीण वसतिगृहातही मेसची सेक्रेटरी होती. तिने बरोबर एक चौकटींची वही आणली होती आणि तीत रस्त्यावरच्या दाल-पुरीच्या जोडीपासून गाडीच्या पेट्रोलपर्यंत सगळे लिहिले जात होते.

त्या वहीचे महत्त्व मला ल मोर्नच्या डोंगरापाशी कळले. तो दक्षिण-पश्चिम टोकाला समुद्रातून सरळ उठलेला 556 मीटर उंचीचा खडक आहे. पळून आलेले गुलाम त्याच्या कपारींत लपत असत आणि त्यामुळेच 2008 साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या किनाऱ्यावरून बेनितिए बेटाकडे जाणारी होडी घ्यायची होती. आम्ही चपला हातात घेऊन पाण्यात उतरतो तोच कळले की दुबईच्या मैत्रिणीने सगळ्यांचे पैसे आदल्या रात्रीच फोनवरून भरून टाकले आहेत, तेही मोठ्या, खासगी होडीचे. तिच्या मनात काहीही वावगे नव्हते. परंतु होडीत बसल्यावर पहिली काही मिनिटे कोणीच नीट बोलेना. मी तर आभार मानू की रागावू याच विचारात पाण्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात जोहान्सबर्गकरणीने पिशवीतून वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि “होडी किती?” असे विचारले. दुबईची म्हणाली, “राहू दे गं.” ही पेन हातात धरून बसूनच राहिली. शेवटी आकडा सांगितला गेला, लिहिला गेला, आणि मग पॅरिसवालीने नेहमीप्रमाणे प्राचार्यांची नक्कल सुरू केली.

माझे मत असे बनले आहे की अशा भेटींमध्ये देश कोणता आणि समुद्र किती निळा याला फार महत्त्व नसते. पैशांचा व्यवहार कोरडा आणि चोख ठेवला तरच बाकीचे सगळे ओले राहू शकते. ज्यांनी असे बेत आखले आहेत त्यांनी वाटणी कशी केली, आणि मिळकतीतली तफावत कशी हाताळली, हे जाणून घ्यायला आवडेल.

पैलतीर
लेख आवडला, पण स्वयंपाकघर असलेल्या सदनिकेचा मुद्दा अजिबात पटला नाही. आयुष्यभर ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या बायकांनी एवढा समुद्र ओलांडून जायचे आणि तिथेही कांदाच चिरायचा? आम्ही मैत्रिणी थायलंडमध्ये क्राबीला भेटलो होतो तेव्हा पहिला नियमच हा होता की कोणीही चहासुद्धा करायचा नाही. उठावे, न्याहारी तयार असावी, ताटे कोणी तरी उचलून न्यावीत. यासाठी चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत. स्वस्त पडते म्हणून स्वयंपाकघर घेतले तर त्याची किंमत एकीदोघींच्या श्रमातून वसूल होते, आणि त्या एकीदोघी कोण असतात हे आपल्याला ठाऊक असते.

सुरंगी
पैलतीर, तुमचा आक्षेप आमच्या पॅरिसवालीने जसाच्या तसा घेतला होता. त्यामुळे स्वयंपाक असा केलाच नाही. सकाळचा चहा, पोहे आणि रात्री उशिराचा वरणभात एवढाच त्या ओट्याचा उपयोग झाला. दुपारचे जेवण म्हणजे गाडीवरची दाल-पुरी. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण घातलेली, पण गोड नसलेली पातळ पोळी असते. दोन पोळ्यांची जोडी वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. तिथलेच डाळीचे वडेही मिळतात, आपल्याकडच्या डाळवड्यांचे सख्खे भाऊ.

मला स्वयंपाकघर हवे होते ते वेगळ्या कारणासाठी. रिसॉर्टमध्ये रात्रीचे जेवण उरकले की प्रत्येकजण आपापल्या खोलीचे कार्ड घेऊन निघून जातो. सदनिकेत तसे होत नाही. पर्थच्या मैत्रिणीने तिच्या घटस्फोटाविषयी जे सांगितले ते रात्री बारा वाजता, भांडी विसळता विसळता आणि आमच्याकडे पाठ करून सांगितले. जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर बसून, वेटर पाणी ओतत असताना ती ते बोलली असती असे मला वाटत नाही.

पैलतीर
हे मान्य. तरी भांडी विसळायला बाई लावावी या मतावर मी ठाम आहे.

हिशेबनीस
मूळ लेखातील एका तत्त्वाशी असहमती नोंदवतो. मुक्काम समान वाटायचा आणि तिकीट ज्याचे त्याने काढायचे, ही वाटणी दिसायला न्याय्य आहे, पण ठिकाण निवडताना ज्याला दूर पडते तो प्रत्येक वेळी दूरच पडत राहतो. आमच्या गटात एकजण न्यू जर्सीला आहे. मॉरिशसला अमेरिकेतून थेट विमान नाही. त्याला पॅरिस किंवा दुबईमार्गे यावे लागले असते आणि केवळ प्रवासात दोन्ही बाजूंचे मिळून तीन-चार दिवस गेले असते. म्हणून आम्ही सर्व तिकिटांची बेरीज करून तिला माणसांच्या संख्येने भागले.

भारतातून जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. प्रवासकंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आगाऊ आयकर, कापला जातो. तो बुडीत नसतो, आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो, परंतु तोपर्यंत हातातून गेलेला असतो हे अंदाजपत्रकात धरावे. दुसरे म्हणजे फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झाले आहे. सगळ्या दुकानांत चालेल अशी अपेक्षा ठेवू नये; गाडीवरच्या खाण्यासाठी आणि बससाठी रोख लागतेच.

सुरंगी
हिशेबनीस, तुमच्या पद्धतीत एक अडचण दिसते. जो दूर राहतो तोच बहुधा अधिक कमावतो. न्यू जर्सीच्या मित्राच्या तिकिटाचा हिस्सा साताऱ्याच्या माणसाने उचलणे हा गणिताचा न्याय असेल, पण माझ्यासारखीला तो परवडणार नाही. आमच्यात पर्थवालीचे तिकीट सर्वांत महाग होते आणि तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

हिशेबनीस
आमचे सगळे मित्र साधारण एकाच उत्पन्नगटातले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आला नव्हता. तुमच्या बाबतीत तुमची पद्धत योग्य आहे.

अरबीवारा
पुरुषांच्या गटांविषयीही दोन शब्द. आमच्या वर्गाचा पंचविशीचा मेळावा फुकेतला झाला. संख्या इतकी मोठी होती की एकत्र असे काही घडलेच नाही; तिथे जाऊनही जो तो शाळेत ज्या बाकावर बसत असे त्याच बाकावरच्यांबरोबर फिरला. एका उद्योजक मित्राने निम्मा खर्च उचलला आणि मग कार्यक्रमही त्याच्याच पसंतीचे झाले. पुढच्या वेळी पाच-सहाजणांपलीकडे जायचे नाही असे मी ठरवले आहे. आणि हो, गोव्याला का नाही, हा प्रश्न इथे कोणी तरी विचारणारच म्हणून मीच विचारून टाकतो.

सुरंगी
गोव्याचा विचार झाला होता. दुबईवालीचे सासर म्हापशाला आहे. विषय तिथेच संपला.

तांबडीमाती
मी मूळचा रत्नागिरीचा असून कामानिमित्त बरीच वर्षे मॉरिशसमध्ये आहे. सुरंगीताई, फ्लिक-आं-फ्लाकची निवड उत्तम होती, पण तुम्ही ज्या सुपरमार्केटमधून पोह्यांसाठी कोथिंबीर आणली असेल ते बहुधा कास्काव्हेलच्या व्यापारी संकुलातले असणार. आणि त्याच कास्काव्हेलच्या परिसरात मराठी माणसांची जुनी वस्ती आहे हे तुम्हाला कोणी सांगितले की नाही?

ऊसमळ्यांवर काम करण्यासाठी 1834 नंतर कराराने आणलेल्या मजुरांमध्ये बिहार आणि तमिळ प्रदेशातल्या लोकांची संख्या मोठी होती, परंतु मुंबई बंदरातून निघालेली, प्रामुख्याने कोकणातली माणसेही होती. राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ते ज्या 16 पायऱ्या चढून आत आले त्या आजही आहेत, आणि 2006 पासून ते ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. आलेली मराठी माणसे मुख्यतः पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागात आणि व्हाकोआच्या आसपास स्थिरावली. त्यांच्या पणतवंडांच्या घरात आज क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली, बोलली जाते. मराठी शाळेत शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते, आणि आपल्या जाखडीचे वंशज असलेले नृत्य लग्नाकार्यात आणि गणपतीत अजून होते. अनेक कुटुंबांत आजोबा-पणजोबांचे पहिले नाव नोंदवहीत चढले आणि तेच पुढे आडनाव झाले, त्यामुळे आडनावावरून गाव शोधायला जाल तर हाती काही लागत नाही.

गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. तुमच्या सदनिकेसमोरच्या त्याच किनाऱ्यावर विसर्जन होते, आणि दक्षिणेकडे बे द्यु काप येथेही मोठी गर्दी जमते. तुम्ही ऑगस्टमध्ये येऊन गेलात आणि ते नेमके चुकले असे दिसते.

सुरंगी
चुकले नाही, चुकवले! गणपतीच्या आधी घरी पोहोचायचे ही माझीच अट होती. घरचा गणपती माझ्याशिवाय बसत नाही. कास्काव्हेलच्या दुकानातली कोथिंबीर मात्र अगदी बरोबर ओळखलीत. तिथे कढीपत्ताही जुडीने मिळाला. पैसे घेणाऱ्या मुलीने आमचे बोलणे ऐकून “मराठी?” असे विचारले होते आणि आम्ही हो म्हणताच ती हसून आपल्या गळ्यातल्या गणपतीकडे बोट दाखवून राहिली. मागे रांग होती, त्यामुळे बोलणे तिथेच थांबले.

तांबडीमाती
आणखी एक. तुम्ही रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर गेला असाल तर खरा मॉरिशस तिथे दिसला असेल. कायद्याने भरतीरेषेपर्यंतचा किनारा सर्वांचा आहे, रिसॉर्टसमोरची वाळूसुद्धा. तरी स्थानिक लोक सुरूच्या बनाखालच्या मोकळ्या जागा पसंत करतात. बस भरून कुटुंबे येतात, डेगे उतरवले जातात, दुपारी कोणी तरी रावान हा डफासारखा वाद्यप्रकार तापवायला घेते आणि सेगा हा इथला नाच-गाण्याचा प्रकार सुरू होतो. जुन्या मित्रमंडळींना एकत्र बसायचे असेल तर हजारो रुपयांच्या सहलींपेक्षा एक सतरंजी घेऊन तिथे बसावे.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी सूचना: बेटाभोवती जवळजवळ सर्वत्र प्रवाळाची भिंत आहे, म्हणून आतले पाणी उथळ आणि शांत असते, परंतु तळाशी समुद्री साळू आणि क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. रबरी बूट घालूनच उतरावे. दक्षिणेला सुयाकजवळ ग्रिग्री येथे ही भिंत तुटलेली आहे. तिथल्या लाटा कड्यावरून पाहाव्यात, पाण्यात जाऊ नये. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे, मीटरवर कोणी जात नाही.

खडीसाखर
मुलांच्या शाळांमुळे आम्हा मैत्रिणींना डिसेंबर-जानेवारीखेरीज एकत्र सुट्टी मिळत नाही. त्या काळात मॉरिशसला जाणे शहाणपणाचे आहे का?

तांबडीमाती
डिसेंबरमध्ये अवश्य या, फक्त तेव्हा भाडी सर्वांत जास्त असतात आणि उकाडाही असतो. लिची आणि आंबे मात्र त्याच दिवसांत येतात. चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च या काळात असतो. इथे वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. तिसरा वर्ग जाहीर झाला की दुकाने, बस, कचेऱ्या सगळे बंद होते आणि घराबाहेर पडायचे नसते. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या आणि विमानतळही बंद ठेवावा लागला होता. पाच देशांतून पाच विमाने येणार असतील तर त्यातले एक अडकण्याची शक्यता धरून चालावे. तिकिटे बदलता येतील अशी घ्यावीत आणि प्रवासविमा टाळू नये.

जाईजुई
हा धागा वाचताना राहवले नाही म्हणून लिहिते. आमच्या शाळेतल्या मैत्रिणी दोन वर्षांपूर्वी बालीला भेटल्या. मी गेले नाही. गटावर मी “रजा मिळत नाही” असे कळवले आणि सर्वांनी रडक्या चेहऱ्यांची चित्रे पाठवली. रजा भरपूर शिल्लक होती. त्या वर्षी यजमानांची नोकरी गेली होती आणि तिकिटाचा आकडा गटावर झळकला तेव्हा आठ-दहा जणींनी पाठोपाठ उंचावलेले अंगठे टाकले होते. त्या रांगेत “मला झेपणार नाही” असे कोण लिहिणार? कोणी निमित्त सांगून गळते तेव्हा ते निमित्त खरे असतेच असे नाही, एवढेच नोंदवायचे होते. सुरंगीताई, तुमची भिशीची रक्कम कोणी आणि कशी ठरवली हे सविस्तर लिहाल का?

सुरंगी
जाईजुई, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण सगळी मेख तिथेच आहे. आमच्या गटावर रक्कम कधीच चर्चेला आली नाही. गटावर विचारले की पहिला आकडा ज्याच्याकडे भरपूर आहे तोच टाकतो आणि मग खाली कोणी येत नाही. जोहान्सबर्गच्या मैत्रिणीने प्रत्येकीला स्वतंत्र फोन केला आणि दरमहा विनासायास किती टाकता येईल एवढेच विचारले. पाच आकड्यांपैकी जो सर्वांत लहान होता तोच तिने सर्वांसाठी जाहीर केला. तो कोणाचा हे सांगितले नाही. तो माझा असणार हे सगळ्या ओळखून असणार, पण ओळखणे आणि तोंडावर म्हणणे यांत बराच फरक आहे. मग त्या आकड्यात किती महिन्यांत किती जमते ते पाहून तारीख ठरली. आधी तारीख आणि मग पैसे असा क्रम आम्ही ठेवला नाही, त्यामुळे भेट पहिल्या उत्साहानंतर बऱ्याच काळाने झाली हे खरे. पर्थवाली अधूनमधून कुरकुरत असे.

ज्यांना अधिक खर्च करायचा होता त्यांना अडवले नाही. दुबईवालीने एक दुपार महागड्या हॉटेलात मालिश करून घेण्यात घालवली, तिच्या पैशांनी आणि एकटीने. आम्ही तोवर सुरूखाली झोपलो होतो.

पैलतीर
सर्वांत लहान आकडा नाव न घेता जाहीर करण्याची कल्पना उचलत आहे. आमच्या गटात फोन करण्याचे काम मीच घेईन. बाकीच्यांच्या पोटात काही राहत नाही.

हिशेबनीस
फोन करणाऱ्या व्यक्तीने स्वतःचा आकडा सर्वांत आधी कागदावर लिहून ठेवावा, नाही तर इतरांचे ऐकून तो बदलतो.

खडीसाखर
शेवटचे एक विचारते. भाजणी, मेतकूट, लाडू असे घरचे खाणे बरोबर नेता येते का? मैत्रिणींची यादी आतापासून तयार आहे.

तांबडीमाती
ताजी फळे, भाज्या, बियाणे, रोपे आणि कच्चे मांस विनापरवाना आणू नये. त्याबाबत विमानतळावर कडक तपासणी असते. शिजवलेले किंवा भाजलेले कोरडे पदार्थ घट्ट बंद करून, वर नाव लिहून आणावेत आणि प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना खाद्यपदार्थ असल्याचे नमूद करावे. लाडवांबाबत मला आजवर कोणी अडवलेले नाही.

सुरंगी
सर्वांचे आभार. आमच्या पुढच्या भिशीचा पहिला हप्ता दसऱ्याला आहे. पर्थवालीने आता श्रीलंकेचे नाव काढले आहे. मात्र आम्हाला एकत्र रजा जुलै-ऑगस्टमध्येच मिळते आणि त्या काळात गॅल-मिरिसाचा दक्षिण-पश्चिम किनारा पावसाळ्यामुळे खवळलेला असतो. पूर्वेला त्रिंकोमालीकडे तेव्हा समुद्र शांत असतो असे दिसते. तिकडे पाचजणींना एकत्र राहता येईल असे स्वयंपाकघराचे घर कोणाला माहीत असेल, तर त्यासाठी वेगळा धागा काढते, तिथे लिहावे. पैलतीर यांच्यासाठी भांडी विसळणाऱ्या बाईंची चौकशीही करून ठेवीन.